आमची सई कुठल्या राज्याची

९ जानेवारी २०२४, टूनगॅबी, सिडनी

पहाटे जाग आली ती देशमुख गुरुजींच्या अंगठीने. टक, टक, टकटक. रहिमतपूरची शाळा, चौथीचा वर्ग, कवितेचा तास. गुरुजी टेबलाच्या कडेवर अंगठी आपटत ठेका धरायचे आणि आम्ही पन्नास पोरं त्यावर डोलत म्हणायचो. साठाच्या वर वर्षं झाली. आज आवाज इतका जवळून आला की उठून बसलो. कविताही आठवली, गुरुजींची स्वतःची. गावातलं कोणी पलटणीत भरती व्हायला निघालं की आम्हाला एस.टी. स्टँडवर रांगेत उभं करून म्हणायला लावायचे:

ज्याने सोडिले गावाला
गाव त्याला सोडीत ना
दूर देशी उगे तारा
त्याचा उजेड अंगणा

पुढचं कडवं काही केल्या आठवेना. तेच आठवत बसलो असतो तर दिवस बरा गेला असता.

नऊच्या सुमारास सई फोन घेऊन आली. "आबा, कॉलेजचं आलं. सीट मिळाली!" मी टाळी वाजवली. मग म्हणते, "आणि आय ॲम ॲन इंटरनॅशनल स्टुडंट, अपॅरंटली." आणि हसली.

मला हसू आलं नाही. फी बघितली. परदेशातून येणाऱ्या पोरांना लावतात ती. इथल्यांच्या कित्येक पट.

ही मुलगी आठ वर्षांची असल्यापासून या देशाची नागरिक. हिचा बाप, माझा मंदार, या देशाच्या सैन्यात नऊ वर्षं मेकॅनिक होता. ट्रक आणि रणगाड्यांच्या इंजिनांपाशी उभा राहून दोन्ही कान गमावून बसला, म्हणून सप्टेंबरात त्याला घरी पाठवलं. हिला शिकायचंय काय, तर ऑसलन, इथल्या बहिऱ्या माणसांची हाताची भाषा. का शिकायचंय ते घरात कुणी बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

आणि ती परदेशी!

१० जानेवारी

रात्रभर मनातल्या मनात अर्ज लिहीत होतो. कोरेगावच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, राग आला की मला अर्जच सुचतात. 'महोदय, वरील विषयास अनुसरून...'

सकाळी मं.ला सांगितलं. कानातली यंत्रं ड्रॉवरमध्ये. ती लावतच नाही, म्हणतो टोचतात. तेव्हा ओरडून सांगितलं.

"ठीक आहे ना बाबा. भरू."

"कुठून भरणार आहेस?"

"वीकेंडला पण गॅरेज करीन."

"अरे, सैन्यातल्यांच्या मुलांना सवलत आहे. आपला तो हक्क..."

"बाबा, मी नटबोल्ट आवळायचो. उगाच मला मेडल लावू नका." आणि गेला गाडीखाली. वाद टाळायला गाडीखाली जायची याची लहानपणापासूनची सवय. तेव्हा सायकल होती.

शलाका, सूनबाई, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेली. डबा घासता घासता म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि सई जाऊन या तिथे. यांचं सोडा. यांना कुणापुढे उभं राहायला नको असतं. समोरचा काय बोलला ते दोनदा विचारावं लागतं ना."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१२ जानेवारी

कॉलेजला गेलो, सई आणि मी. आत पाय ठेवायला जागा नाही. पंजाबातली, काठमांडूची, हैदराबादची पोरं, हातात प्लॅस्टिकच्या फायली, डोळ्यांत झोप. रोज नवीन उतरतायत म्हणे. हॅरिस पार्कच्या वस्तीत एकेका फ्लॅटमध्ये किती राहतात, ते मोजायचं सोडून दिलंय लोकांनी. त्यांच्यावर माझा राग नाही. बिचारे आईबापांच्या गहाण जमिनीवर उभे आहेत तिथे.

दारातल्या बाईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता डावीकडे बोट केलं. डावीकडची रांग इंटरनॅशनलची. सई म्हणाली, "आय ॲम अ सिटिझन." बाई म्हणाली, "नो वरीज, दे विल सॉर्ट यू आउट देअर." पाऊण तास.

खिडकीत आपल्याकडचाच एक तरुण मुलगा. नेपाळी असावा. मला बघून हिंदीवर आला.

"अंकल, सिस्टम में इंटरनॅशनल दिखा रहा है."

"सिस्टमला डोळे आहेत का? हा पासपोर्ट बघ."

सईने माझा दंड धरला. "आबा, ही इज जस्ट डुइंग हिज जॉब."

पासपोर्ट बघितला. "हां, ये तो लोकल है." मग त्याने अर्जाची मूळ प्रत पडद्यावर उघडली. पडदा सईच्या बाजूला वळवून काहीतरी दाखवलं. मला चष्म्यातून दिसलं नाही. सई एकदम गप्प झाली. मग त्याला म्हणाली, "कॅन यू जस्ट चेंज इट, प्लीज?"

फाईल लोकल विभागाकडे पाठवतो म्हणाला. तिथे राज्याच्या सवलतीचं ठरेल.

ट्रेनमध्ये विचारलं, काय दाखवलं त्याने? "काही नाही, टिक चुकली होती." मी म्हटलं, "बघ, यांच्या टिका! नोव्हेंबरात अर्ज दिला, जानेवारीपर्यंत परदेशी खात्यात पडून. त्यांचा फायदाच त्यात. आपला चेहरा बघितला की तीच रांग!" स्टेशन येईपर्यंत बोलत होतो. समोरची बाई उठून दुसरीकडे बसली. सई खिडकीबाहेर बघत होती.

१३ जानेवारी

उकाडा. बाहेर झाडांवरचे किडे करवतीसारखे.

कचेरी आठवते आहे. जूनमध्ये निकाल लागले की फौजींच्या बायका यायच्या, बरोबर दहावी-बारावी झालेली पोरं. पोरगं जन्मलेलं जालंधरला, पहिली जोधपूरला, चौथी तेजपूरला, दहावी बबिन्याला. मराठी बोलायचं ते पण हिंदी चालीवर. कॉलेजवाले म्हणायचे, महाराष्ट्राचा अधिवास दाखवा, नाहीतर बाहेरचे समजू. बाया रडकुंडीला येत. मी त्यांना खुर्ची द्यायचो. सातबारा, बापाचं सर्व्हिस बुक, एक प्रतिज्ञापत्र, आणि साहेबांपुढे फाईल. एकदा नव्या साहेबांनी विचारलं, "हा मुलगा महाराष्ट्रात एकही वर्ष राहिलेला नाही, कसा काय आपला?" मी म्हटलं, "साहेब, बाप मर्जीने गेला नाही. धाडला म्हणून गेला. जिथून धाडला तिथलाच तो, आणि त्याची पोरंही." साहेबांनी सही केली.

पत्र्याच्या छपराखाली, पंखा बंद असताना, एवढं आम्हाला कळत होतं.

१७ जानेवारी

लोकल विभागाचं पत्र. सईला परदेशी धरलेलं काढलं. आता म्हणे ती 'दुसऱ्या राज्याची'. सवलत नाही, पूर्ण फी.

तीनदा वाचलं. सईकडून अर्थ लावून घेतला. तो असा:

जे या राज्यात राहतात त्यांच्या फीचा मोठा वाटा राज्य भरतं. सैन्यातल्या माणसाला बदलीवर राज्याबाहेर पाठवलं असेल तर त्याच्या मुलांना राज्यातलंच धरतात. छान. माणसांनी केलेला नियम आहे. पण अर्जाच्या दिवशी बाप नोकरीत हवा. मं. सप्टेंबरात सुटला. सईची बारावीची परीक्षा म्हणून आम्ही सगळे नोव्हेंबर संपेपर्यंत दुसऱ्या राज्यात, टाउन्सव्हिलला थांबलो, जिथे सैन्यानेच त्याला पाच वर्षांपूर्वी धाडलं होतं. अर्ज तिथूनच केला. तेव्हा बाप फौजी नाही आणि मुलगी या राज्यात नाही.

म्हणजे ते तीन महिने माझी नात कुठल्याच राज्याची नव्हती. कान गेले त्या दिवसापासून तिच्या पायाखालची जमीनही गेली. कान शाबूत असते तर ती इथली असती!

पत्राखाली लिहिलंय, 'तुमच्या वडिलांच्या सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.' तळपायाची आग मस्तकात गेली. त्यापेक्षा कोरं सोडलं असतं तर चाललं असतं.

फेरविचाराचा अर्ज करता येतो. सीट नऊ फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवतील. ऑसलनचा हा वर्ग वर्षातून एकदाच भरतो.

१९ जानेवारी

फेरविचाराला मं.चे कागद लागतात. बदलीचा हुकूम, सुटका कशामुळे झाली तो कागद, आणि त्याची सही. जेवताना विषय काढला.

मं. म्हणाला, "नाही."

"का नाही?"

"त्या कागदावर माझे कान लिहिलेत. किती टक्के उरलेत ते. तो कागद घेऊन मी कुठल्या खिडकीत उभा राहणार नाही."

"तू नको राहूस. मी राहतो."

"म्हणजे तेच ना!"

सईने ताट सरकवलं. "डॅड, इट्स माय कोर्स. लीव्ह इट. मी वूलीजच्या दुकानात फुल टाइम करीन, नेक्स्ट इयर बघू."

तोवर तो शलाकाकडे वळला होता, हे ती त्याच्या पाठीकडे बोलली. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने भात मागितला.

शलाका उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२३ जानेवारी

मं.च्या सहीवाचून निदान फाईल तरी बघू म्हणून एकटाच गेलो. मूळ अर्जाची प्रत मागितली. तोच नेपाळी मुलगा. "अंकल, अकेले आये?" झेरॉक्स काढून दिली. पैसे घेतले नाहीत.

बाहेर बाकावर बसून उघडली.

हा अर्ज मीच भरला होता. नोव्हेंबरात सईची परीक्षा चाललेली. बाकीचं सगळं ऑनलाइन, हा एक सैन्यवाल्यांचा जोडफॉर्म तेवढा हाताने भरून पाठवायचा. मी म्हटलं, "तू अभ्यास कर. अर्ज माझ्यावर सोड. आयुष्य गेलं त्यात." निळी शाई, मोठी अक्षरं, एकही खाडाखोड नाही. ती सही करून मोकळी झाली.

आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यात, माझ्या त्या सुंदर हस्ताक्षरात:

मु. पो. रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा, महाराष्ट्र, भारत.

दुसरं काही सुचलंच नव्हतं. कायमचा पत्ता म्हणजे गावाचा. नोकरीला कुठेही असा, भाड्याने कुठेही राहा, त्या रकान्यात गाव. मी स्वतः हजारो अर्ज तसे भरून घेतलेत. कुणी मुंबईचा लिहिला तर खोडून गावाचा लिहायला लावलाय.

टूनगॅबीचं हे घर मं.चं स्वतःचं आहे. बदली झाली तेव्हा भाड्याने देऊन गेला होता, विकलं नव्हतं. परत इथेच यायचं म्हणून. या रकान्यात हा पत्ता असता तर फाईल त्याच आठवड्यात लोकल विभागात गेली असती. कागद तेव्हाच मागितले असते. घर इथलं, बदली सैन्याने केलेली, परतायची तारीख ठरलेली. तारखेचा पेच तरीही आला असता, पण तो सोडवायला दोन महिने हातात असते. रहिमतपूर वाचून त्यांनी ती परदेशी खात्यात टाकली आणि दोन महिने गेले.

टिक चुकलेली नव्हती.

बाकावर किती वेळ बसलो माहीत नाही. ट्रेन सोडल्या. गुरुजींची ती कविता डोक्यात आली आणि पहिल्यांदाच तिचा राग आला. गाव त्याला सोडीत ना! सोड की मग! पोरीच्या मानगुटीवर कशाला बसतंस?

२४ जानेवारी

काल जेवलो नाही. पोट बिघडलं असं सांगितलं. आज श.ने मऊ भात केला, तो खाववेना.

सई खोलीत आली. मी प्रत तिच्यापुढे ठेवली.

"ओह," म्हणाली.

"तुला बाराच तारखेला कळलं होतं."

"हो."

"आणि मी ट्रेनमध्ये त्या लोकांना शिव्या घालत होतो. बारा दिवस घालतोय. तू ऐकून घेतलंस."

"आबा, तू खूप छान शिव्या घालत होतास."

मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाने रडू नये, नाक वाहायला लागतं. ती पलंगावर शेजारी बसली. दोन वर्षांची असल्यापासून पाच वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळ रहिमतपुरात होती. मंदार-शलाका इकडे एका खोलीत दिवस काढत होते. तेव्हा ती अशीच पाय हलवत बसायची.

म्हणाली, "डॅडला नको सांगू. ही विल फील बॅड."

"त्याला का वाईट वाटेल? चूक माझी."

"आय डोन्ट नो. त्याला सगळ्याचंच वाटतं."

सांगायचं तर आहेच. कचेरीत माझ्या हाताखालच्या पोराने चूक लपवली तर मी त्याला... ते जाऊ दे.

२६ जानेवारी

सुट्टी, या देशाचा राष्ट्रीय दिवस. शेजारी सगळीकडे बार्बेक्यू, गाणी, झेंडे. तिकडे आपलाही प्रजासत्ताक दिन.

मं. मागच्या अंगणात गवत कापत होता. मशीन बंद केलं तेव्हा गेलो. गुळमुळीत, खाली मान घालून बोललो असतो, पण त्याच्यासमोर ती सोय नाही. तोंड वर करून, मोठ्याने, ओठ दिसतील असं बोलावं लागतं.

"मंदार! चूक माझी आहे!"

"काय?"

"सईच्या फॉर्मवर! कायमचा पत्ता! मी रहिमतपूर लिहिला!"

कुंपणापलीकडची गाणी थांबली. तीन घरांना ऐकू गेलं असणार. मराठी म्हणून वाचलो. त्याने हात पुसले, प्रत घेतली, वाचली. मग पायरीवर बसला. मला वाटलं आता गाडीखाली जातोय. गेला नाही.

म्हणाला, "मीपण हाच लिहिला होता."

"कुठे?"

"भरतीच्या वेळी. एवढ्या मोठ्या अक्षरात रहिमतपूर. सार्जंटने बोलावलं. म्हणाला, मेट, उद्या तुला काही झालं तर कळवायचं कुठे, हे असलं नाव असलेल्या गावाला? मी म्हटलं, येस सार्जंट. म्हणाला, तुझी बायको तर सिडनीत आहे. मी म्हटलं, ते सध्याच्या पत्त्यात लिहिलंय. तो पाच मिनिटं हसला. मग स्वतः खोडून टूनगॅबी लिहिलं."

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला राग आला असता."

खरं आहे. आला असता. गाव खोडलं म्हणून चार दिवस बोललो नसतो.

मीही पायरीवर टेकलो. कापलेल्या गवताचा वास. त्याने विचारलं, "सईने ऑसलनच का घेतलं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे हे मी इथे लिहिलं ते चूक. सगळे त्याच्या पाठीकडे बोलत होतो आम्ही, चार महिने.

सांगितलं. परत मोठ्याने, परत तीन घरांना. "तुझ्याशी बोलायला!"

त्याने मशीन परत चालू केलं. कापून झालेल्या तुकड्यावरच फिरवत होता.

३० जानेवारी

काल सकाळी टेबलावर खाकी पाकीट. बदलीचा हुकूम, सुटकेचा कागद, डॉक्टरांचा तक्ता. सह्या केलेल्या. आणि मं. नाहीये! श. म्हणाली, "सईला घेऊन कॉलेजला गेलेत. प्रती काढून घेतल्या, हे तुमच्यासाठी ठेवलंय. बाबा, कानातलं लावून गेलेत." तिचे डोळे लाल होते पण रात्रपाळी नव्हती.

दुपारी आले. सईने सांगितलं ते असं. रांगेतल्या गडबडीत यंत्रात नुसता कलकलाट, मं. घामाघूम. वरच्या हुद्द्याची एक बाई आली. तिने कागद बघितले आणि म्हणाली, "तारीख ती तारीख. सप्टेंबरनंतर तुम्ही सैन्यात नव्हता." मं. म्हणाला, "मी नव्हतो, पण मला परत कुणी आणून सोडलं होतं? पोरीची परीक्षा अर्धी टाकून यायचं होतं?" बाई म्हणाली, असा प्रश्न आधी आलेला नाही. समितीपुढे ठेवते.

असा प्रश्न आधी आलेला नाही! या देशात पहिल्यांदाच कुणा फौजीच्या मुलीची बारावी होती वाटतं.

मं.ने घरी आल्या आल्या यंत्रं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर लावला नाही.

२ फेब्रुवारी

समितीकडून काही नाही. वर्ग पाच तारखेपासून. सई म्हणते, नऊ तारखेपर्यंत बसू देतील, नंतर फी भरली नाही तर नाव जाईल.

न राहवून पत्र लिहिलं. इंग्रजीत, माझ्या कचेरीच्या इंग्रजीत. कुणाचं नाव घेतलं नाही, कॉलेजचंही नाही. नियम काय, सप्टेंबर काय, नोव्हेंबर काय. माझी चूकही लिहिली, कायमच्या पत्त्याची, झाकून ठेवली नाही. शेवटी लिहिलं की माणूस धाडताना तारीख बघत नाही, मग परत घेताना का बघता.

सईने वाचलं. "आबा, 'आय बेग टू स्टेट' काढूया?"

"का?"

"डॅड म्हणतो ना, बेग करायचं नाही."

काढलं. तिने आमच्या भागाच्या फेसबुकवर टाकलं. संध्याकाळपर्यंत पुष्कळ लोकांनी अंगठे दाखवले. एकाने लिहिलं, जिथून आलात तिथे परत जा. त्याला मी उत्तर लिहायला बसलो होतो, सविस्तर, रहिमतपूरचा पिनकोड घालून. सईने फोन काढून घेतला.

४ फेब्रुवारी, रविवार

उद्या वर्ग सुरू. सईने वही आणली आहे, नवी, कोरी. वरती नाव घातलेलं नाही.

दुपारी जेवून सगळे आडवे. पिठलं-भात. मं. समोरच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट बघत होता, आवाज बंद. बेल वाजली. त्याला ऐकू येत नाही म्हणून मीच उठलो, पण काचेतून सावली हलली ती त्याला दिसली. तोच आधी पोचला.

दारात एक बाई. आपली नाही. गोरी, उन्हाने रापलेली, चाळिशीची, पायात सपाता, केस विस्कटलेले. लांबून गाडी चालवत आली असावी, मागे गाडीचं इंजिन अजून टिकटिकत होतं. बरोबर सईच्या वयाची एक मुलगी, ती फाटकाशीच थांबलेली. आम्ही या दोघींना जन्मात पाहिलेलं नाही.

बाई भरभर बोलायला लागली. मला तुकडे कळले. डबो गावाहून आलोय. नवरा सैन्यात, डार्विनला बदली, पाठीचं हाड, ऑक्टोबरात सुटका. फेसबुकवर पत्र वाचलं, इथल्या पोस्ट ऑफिसबाहेर एकाने घर दाखवलं. हातात तेच पांढरं पाकीट. उघडून धरलं तर खाली तीच ओळ, आम्ही कृतज्ञ आहोत.

मला वाटलं मं. 'या या' म्हणून मान हलवेल. न ऐकता मान हलवायची त्याची एक पद्धत आहे, कुणाला कळत नाही.

त्याने हात वर केला, थांब म्हणून.

"सॉरी. आय कान्ट हिअर यू. आय ॲम डेफ. परत सांगा, हळू. माझ्याकडे बघून."

ती थांबली. तोंडावरचे केस मागे केले. मग एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "ते म्हणाले, असा प्रश्न आधी कधी आलेला नाही."

मं.ने पाकीट घेतलं. दार पूर्ण उघडलं.

सई आतून आली आहे. फाटकाशी गेली आहे त्या मुलीकडे. श. खुर्च्या ओढते आहे. टेबलावर दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी मांडलेली, मं. त्यांच्यावर वाकलेला. मी स्वयंपाकघरात आधण ठेवून हे चार शब्द घाईने लिहितो आहे, कारण बाहेरून त्याने हाक मारली आहे, "बाबा, तुमचं निळं पेन कुठाय?"